भलतंच प्रथिन

तिसऱ्यांदाही तोच निकाल आला, तेव्हा वैजयंतीने हातातली नळी खाली ठेवली. अंडाशयाच्या कॅन्सरच्या चाचणीत वापरतात ती अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणू हुडकून त्याला चिकटणारं प्रथिन, रक्तातल्या नेमक्या कुठल्या रेणूला चिकटते, हे ती प्रयोगशाळेत तपासत होती. अँटिबॉडी चिकटत होती कॅन्सरच्या खुणेऐवजी भलत्याच प्रथिनाला, साध्या सुजेनेही वाढणाऱ्या.

याच चाचणीवरून तिच्या धाकट्या बहिणीची गाठ कॅन्सरची ठरली होती. आज तिची दोन्ही अंडाशयं काढणार होते.

वैजयंतीने मेहुण्यांना फोन लावला.

“ताई, तिला आत्ताच आत नेलं,” ते म्हणाले.

“डॉक्टरांना फोन द्या. धावत जा.”

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “तुमची खात्री आहे?”

आपलं चुकलं असेल तर बहीण जिवानिशी जाईल, हे तिला कळत होतं. “आधी गाठीचा तुकडा तपासा,” ती कशीबशी म्हणाली.

तासाभराने डॉक्टरांचा फोन आला. “गाठ साधी निघाली. तेवढीच काढली.”

 रडू आवरून वैजयंतीने विचारलं, “डॉक्टर, या चाचणीवरून याआधी किती जणींची अंडाशयं काढलीत?”

“मोजावं लागेल,” डॉक्टर म्हणाले.