टेपचं दुसरं टोक

"उद्यापासून नाही, आजपासूनच ही जोडी नको," म्हाताऱ्याच्या जोडीदाराने फावडं जमिनीत रोवलं. "मी खणतो आणि हे कंबर धरून बसतात. रोज आमचाच खड्डा अपुरा."

"तुझ्या जिभेइतकं तुझं फावडं चाललं असतं ना, तर हा कालवा कधीच समुद्राला मिळाला असता," म्हातारा म्हणाला.

सगळे हसले. जोडीदारही हसला, पण मागे हटला नाही.

सरकारी काम, यंत्राविना, हातांनी चाललेलं. दोघांना मिळून दिवसाला एक खड्डा, मजुरी मापाप्रमाणे. एकट्याला खड्डा नाही. जोडी तुटली आणि दुसरं कुणी घेतलं नाही, की काम सुटलं. म्हाताऱ्याने मुकादमबाईंकडे पाहिलं. विनवलं नाही, नुसतं पाहिलं.

बाईंनी टेप काढली. रोज त्या तिचं टोक दगडाखाली दाबायच्या आणि एकट्याच वाकत, सरकत मापं घ्यायच्या.

"हे टोक धरा, आजोबा. मदतनीस म्हणून तुमचं नाव लावते."

बाईंची ती सकाळ हलकी गेली. "जरा वर धरा", "ताणा की नीट" म्हणायला किती दिवसांनी कुणीतरी होतं. म्हातारा खड्ड्याखड्ड्याला काहीबाही पुटपुटायचा आणि बाईंना हसू आवरायचं नाही.

कालच्या खड्ड्यांची मापं घेत दोघं जोडीदाराच्या खड्ड्याशी आले. म्हणजे म्हाताऱ्याच्याही. काल तो त्याने आणि जोडीदाराने मिळूनच खणला होता.

"आजोबा, टेप जरा ढिली सोडा," जोडीदार हळूच म्हणाला. "आपलाच आहे."

म्हाताऱ्याने टोक तळाला टेकवलं. टेप ताठ धरली. मग खाली बघतच म्हणाला, "चार बोटं कमी."

बाईंनी लिहून घेतलं.

दुपारी म्हातारा डबा घेऊन नेहमीच्या झाडाखाली गेला. तिथलं हसणं थांबलं. कुणी जा म्हटलं नाही. फक्त कुणी सरकलंही नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि बाई लांब एकट्या जेवत होत्या तिकडे आला. बाईंनी लगबगीने पिशवी उचलून जागा केली.

तो बसला, पण तोंड झाडाकडे करून. दोन घास झाले, तिसरा हातातच राहिला.

"बाई, मला फावडंच द्या परत."

"अहो, जोडीला कोण घेणार तुम्हाला? आता तर शिव्याच घालतील."

"घालू देत की. शिव्या घालायला तरी बोलतील."

झाडाखाली पुन्हा कुणीतरी हसलं. म्हातारा मान उंच करून बघायला लागला.

"बरं. बघते कुणाला तरी विचारून," बाई म्हणाल्या. तो डब्याला झाकण लावतोय असं दिसलं, तशा घाईने म्हणाल्या, "जेवा हो. सावकाश जेवा."