रविवारचा महाएपिसोड

बायको गेल्याचं केरबाला रविवारी महाएपिसोड संपल्यावर कळलं. त्यानं फोनचा आवाज बंद केला होता. दवाखाना तासभर फोन लावत होता.

दुपारी दवाखान्यात तिनंच बजावलं होतं, "घरी जाऊन मालिका बघा, सकाळी मला सगळी सांगा. आणि मध्येच घोरू नका." म्हणून तो डोळे ताणून बसला होता. मालिकेतली मेलेली सून जिवंत होऊन दारात उभी राहिली, तेव्हा हे ऐकून आपली शेवंता किती खूश होईल, याच विचारात तो होता.

तेराव्याला मुलगा म्हणाला, "आबा, दवाखान्यानं वेळेत कळवलं असतं, तर आईची शेवटची भेट झाली असती. मी सोडणार नाही त्यांना."

"जाऊ दे रे."

मुलानं तक्रार लिहून आणली. केरबानं तिच्यावर अंगठा उठवला. खरं काय घडलं, ते त्यानं मुलाला अजून सांगितलेलं नाही.