हरवलेल्यांचं निवेदन

"आधी खिडकी लाव," आई म्हणाली. "मग रेडिओ."

लेकीनं हातातलं ब्लाउज बाजूला ठेवून खिडकी लावली. ती घरीच शिवणकाम करायची. आईनं अंथरूण धरल्यापासून तिनं मशीन आईच्याच खोलीत आणलं होतं. संध्याकाळच्या बातम्या संपायची वेळ झाली होती. त्यानंतर हरवलेल्या माणसांचं निवेदन लागायचं, आणि ते चालू असताना या घरात कुणी ब्र काढायचा नाही, हा नियम तिला कळायला लागल्यापासूनचा.

तिचा मोठा भाऊ लहानपणी गर्दीत हरवला होता, असं आई सांगायची. तिला तो आठवतही नव्हता. त्याच्यापायी आईनं कितीतरी घरं बदलली, पण रेडिओ सोडला नाही. निवेदनाची वेळ झाली की ती लेकीला बाहेर पिटाळायची आणि आवाज अगदी बारीक करून रेडिओला कान लावून बसायची. लेक दाराच्या फटीतून बघायची. आई श्वाससुद्धा घेत नाहीये, असं वाटायचं.

निवेदन संपलं की आईचा चेहरा एकदम सैल पडायचा. मग ती लेकीला आत ओढून पोटाशी धरायची, इतकी घट्ट की जीव गुदमरावा. लेकीला ते मुळीच आवडायचं नाही. दादा सापडला नाही, म्हणून आपली आठवण झाली! उरलंसुरलं पानात वाढावं तशी ती माया तिला वाटायची.

पुढे नात कॉलेजात जायला लागली. तिनं एकदा शहाणपणा केलाच.

"आजी, हा खोका कशाला कुरवाळत बसतेस? मामाला आपण फोनवर शोधू. आईचा फोटो टाकते. भावंडं सारखीच दिसत असणार ना!"

आजीनं चहाचा कप भिंतीवर फेकला. उभ्या आयुष्यात तिनं काही फेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नातीनं तो विषय पुन्हा काढला नाही.

आता आईचे कान जवळजवळ गेले होते. 'घरीच राहू द्या,' असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्याचा अर्थ न कळायला दोघी दुधखुळ्या नव्हत्या. लेकीला आईकडून एकच गोष्ट हवी होती. जाण्याआधी तिनं एकदा, फक्त एकदा, दादाला सोडून आपल्याबद्दल बोलावं.

"आज माझ्याऐवजी तू ऐक," आई म्हणाली.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचं. तिनं आईच्या कानाशी तोंड नेलं.

"जन्मभर त्याच्यासाठी जिवाचा कान केलास, आई. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी इथे शेजारी बसलेय. माझं कधी काही वाटलं का तुला?"

आईनं नुसतंच रेडिओकडे बोट केलं.

लेकीनं नाक पुसलं, रेडिओ सुरू केला आणि पहिल्यांदाच त्याला कान लावला. खरखरीतून एक बाई संथ आवाजात माणसांची वर्णनं वाचत होती. रंग, उंची, अंगावरचे कपडे. मेलेल्या माणसांची यादी वाचल्यासारखा तो आवाज होता. खोलीत एकाएकी गार वाटू लागलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, रेडिओ बंद केला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"दादाचं काही नाही," लेक मोठ्यानं म्हणाली. "एक म्हातारे गृहस्थ आहेत, एक कारकून आहे. आणि एक फार जुनं. चाळीसेक वर्षांपूर्वी कुणा बाईची तान्ही मुलगी दवाखान्याच्या व्हरांड्यातून नाहीशी झाली. तीच बाई अजून निवेदन देते म्हणे. काय करणार बिचारी!"

आईनं डोळे मिटले. मग चाचपडत लेकीचं मनगट पकडलं. आजारी माणसाच्या हातात एवढा जोर असतो, हे लेकीला ठाऊक नव्हतं.

"मेली नाही अजून?" आई पुटपुटली. "अजून शोधतेय ती तुला?"