मधल्या सुट्टीतली राखण

रडण्याचा आवाज आला तेव्हा नीलिमा मॅडम ऑफिसात डबा उघडत होत्या. डबा तसाच टाकून त्या बाहेर धावल्या.

मैदानाच्या कडेला कडुनिंबाच्या बुंध्याला पहिलीतली वैभवी बांधलेली होती. कमरेभोवती ओढणी, मागे गाठ. समोर चौथीतली रंजीता उभी. बाकीची पोरं खेळ थांबवून भोवती जमली होती.

रंजीताच्या तक्रारी रोजच्याच. मधली सुट्टी झाली की ती लहान पोरांच्या मागे लागायची. कोणाला दंडाला धरून ओढून आण, कोणाला भिंतीशी दाबून बसव. समजावून झालं, रागावून झालं. वर्गात मात्र तिच्याइतकं शांत पोर दुसरं नव्हतं.

आज मॅडमचा हात उठला. थप्पड जोरात बसली.

रंजीता रडली नाही. तिनं गालावर हातही नेला नाही.

"काहून बांधलं तिले?"

"ट्रॅक्टर येऊन राह्यला, मॅडम."

शाळेचं फाटक पावसाळ्यातच मोडून पडलं होतं. समोरच्या रस्त्याचं काम निघालं होतं आणि मुरुमाच्या ट्रॉल्या दिवसभर जात-येत होत्या.

"येऊ दे ना. म्हणून लेकराले जनावरासारखं बांधतं का कोणी?"

"बांधलं तं रडते," रंजीता म्हणाली. "पन राह्यते."

खिचडीचं पातेलं घासत बसलेली रामीबाई उठून आली. शाळेतला स्वयंपाक तीच करायची, आणि रंजीता तिची नात. ओले हात पदराला पुसत ती म्हणाली, "मॅडम, तिले काही इचारू नका."

पण रंजीता बोलायला लागली होती. एका सुरात, खाली बघत.

"माय अन् बाबा ऊस तोडाले जात. मंजूले मायच्या लुगड्यानं खोपीच्या खांबाले बांधून देत. मले म्हनत, ध्यान ठेव. मंजू लय रडे. त्या दिशी मले तिची दया आली, मंग मी सोडलं तिले. अन् पानी आनाले गेली. खोपीपाशीच ऊस भरून राह्यले होते. मंजू तिकडं गेली, अन् ट्रॅक्टर मांगं मांगं सरकत आला."

ती थांबली.

"लहान बहीन होती हिची," रामीबाई हळूच म्हणाली. "मंग हिच्या बापानं हिले माह्यापाशी आनून सोडलं. ते दोघं परत गेले. गेल्याबिगर कसं भागन."

नीलिमा मॅडम खाली बसून गाठ सोडायला लागल्या. गाठ पक्की होती. बोटं आत घातली तेव्हा ओढणीखाली, वैभवीच्या कमरेपाशी, घडी करून ठेवलेला रुमाल हाताला लागला. रंजीताचा. पोरीला काचू नये म्हणून.

"थांबा, मॅडम." रंजीतानं त्यांचं मनगट धरलं. "पयले त्याले जाऊ द्या."

ट्रॅक्टर फाटकासमोर आला. मॅडमनी गाठीवरचे हात काढले आणि हुंदके देणाऱ्या वैभवीला तशीच जवळ धरली. शेजारी रंजीताचा लाल झालेला गाल होता. तिकडे त्यांना पाहवेना. धूळ मैदानात आली, बसली. आवाज पार विरेपर्यंत एकही पोर हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मॅडमनी खुर्ची उचलून थेट फाटकात नेऊन टाकली. थोड्या वेळानं रंजीता येऊन शेजारी उभी राहिली.

"मी आहे ना इथं. तू जा, खेळ."

"उठून नाही ना जासान?"

"नाही जात."

"तहान लागली तं?"

"तरी नाही," त्या म्हणाल्या.

रंजीता गेली. पोरी पकडापकडी खेळत होत्या, त्यांनी तिला घेतलं. सगळ्याजणी पळत होत्या त्या, जिच्यावर राज्य होतं तिच्याकडे बघत. रंजीता पळत होती ती मॅडमकडे बघत.

ती लगेच बाद झाली.