फुलपाखराचं नाव ठरेपर्यंत

बाबा डोंगरात गेले ते परतलेच नाहीत. त्यांच्या फोनवरून शेवटचा आला तो एका फुलपाखराचा फोटो, काचेसारख्या पंखांचं, ओल्या दगडावर बसलेलं. मी तो काली शहरातल्या फुलपाखरूवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. 'माझे बाबा हरवलेत. हे फुलपाखरू कुठे असतं ते सांगा, तिथेच शोधायला जाऊ.'

"देव त्यांना सांभाळो," प्रोफेसर ओलार्तेंनी लगेच लिहिलं. "हा 'आरसा'. समुद्राकडच्या उतारावरच असतो."

"कसला आरसा! चष्मा बदला, प्रोफेसर," डॉक्टर ग्रासिएला उत्तरल्या. "ही 'नदीची काच'. फक्त काउका नदीच्या बाजूला."

"आमच्याकडे हिलाच आरसा म्हणतात. आणि ती आमच्याकडेच उडते!"

"तुमच्याकडे काय, पतंगालाही फुलपाखरू म्हणतात!"

खाली हसरे चेहरे आले. मग पंखाच्या तांबड्या पट्टीवरून जुंपली.

आमची जीप घाटातल्या फाट्यावर उभी होती. एका बाजूला उतरलो की दिवस तिकडेच जाणार. मागे गावातली माणसं दोरखंड घेऊन बसलेली.

"पोरी, कुठं वळवू?" नेमेसिओकाका सारखे विचारत होते.

"थांबा काका, अजून ठरत नाहीये त्यांचं."

अंधारून आलं तेव्हा कुठे त्या दोघांचं एकमत झालं. ग्रुपच्या ॲडमिनचा मला निरोप आला.



"अभिनंदन! हे आरसाही नाही आणि काचही नाही, अगदी नवीन जात आहे. बाबांना विचारून जागा तेवढी कळव."