मि-कारेमचं सोंग

ख्रिस्ती उपासाचे चाळीस दिवस अर्धे सरले, की मि-कारेमचा सण येतो आणि शेटिकाँ गावातले लोक सोंगं घेऊन घरोघर जातात. घरच्यांनी ओळखलं, तर मुखवटा काढायचा आणि साखरेची वडी खायची. नाही ओळखलं, तर मुखवटा तसाच ठेवून पुढच्या घरी जायचं.

कोरीन दूर दक्षिणेतल्या लुइझियानाहून आली होती. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी तिच्या फ्रेंच पूर्वजांना याच मुलखातून जहाजांत कोंबून हाकललं होतं. तीन दिवस चर्चच्या वह्या चाळूनही त्यांचं नाव सापडलं नव्हतं. उद्या तिला परतायचं होतं. घरमालकीण ऑबेलिननं तिला कोळ्याचा जुना डगला चढवला, भोकं पाडलेला उशीचा अभ्रा तोंडावर बांधला आणि सोबत नेलं.

पहिल्याच घरी लोक ओरडले, “हा क्लोविसचा धाकटा! चाल बघा, बदकच!” दुसऱ्या घरी ती शाळेतली बाई ठरली, तिसऱ्या घरी कुणाची तरी सून. बर्फातून चालताना कोरीनला वाटत राहिलं, की आपण या गावातून कधी गेलोच नव्हतो.

शेवटचं घर झेलिकाआजींचं. साठ वर्षांत त्यांना एकही सोंग फसवू शकलं नव्हतं. त्यांनी कोरीनचे हात चाचपले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

“हरले बाई मी!” त्या मोठ्यानं म्हणाल्या. घरात एकच हशा पिकला.

“म्हातारी झालीस गं आत्या!” त्यांची भाची म्हणाली.

आपण इथल्या नाही, हे सांगून टाकावं म्हणून कोरीननं गाठ सोडायला हात वर नेला. आजींनी तो धरला आणि तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, “असू दे, पोरी. मुखवटा काढलास की पाहुणी होशील.”