आजोबा पडले तेव्हा

"चेंडूवर बसून कुणी पैलवान झालंय का?" आजोबा रोज कुरकुरायचे. नातीच्या पाठीत जोर नव्हता. आधार सुटला की पोर कलंडायची. म्हणून फिजिओथेरपीच्या बाई तिला मोठ्या चेंडूवर बसवून, दोन्ही हातांनी कमरेला धरून डोलवायच्या. आज बाई डोलवता डोलवता म्हणाल्या, "बोलणं सोपं, आजोबा. बसून दाखवा की!" आजोबा इरेला पेटले. शेजारचा लाल चेंडू ओढून, मिशांवर ताव देत बसले आणि गादीवर चारी मुंड्या चीत! "अहो, अहो!" करत बाई हातातलं सगळं सोडून धावल्या. आजोबांच्या काखेत हात घातले, तोच ते ओरडले, "मला राहू द्या! पोरीला कुणी धरलंय?" कुणीच नाही. पोर चेंडूवर ताठ बसून टाळ्या पिटत खिदळत होती. आजोबांनी बाईंना थांबवलं आणि पुन्हा लाल चेंडू ओढला. "मी आणखी एकदा पडतो."